पंखा शेपटी खातो

आमचे सर आधी पंखा बंद करायचे आणि मग शिकवायला सुरुवात करायचे. नागपुरात. मे महिन्यात. बर्डीवरच्या एका सायकल दुकानाच्या वरची ती खोली, डोक्यावर पत्रे, खिडक्या घट्ट लावलेल्या, आणि आम्ही पोरी घामानं निथळत "नाउ, हाउ, काउ" म्हणत बसलेल्या. पहिल्याच दिवशी मला राहवलं नाही. विचारलं, "सर, पंखा काहून बंद केला?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी त्यांच्या ताटात हात घातला.

"पंखा स्वराची शेपटी खातो!" ते गरजले. ते नेहमी गरजूनच बोलायचे. खाली सायकलवाला पंक्चर काढता काढता हसायचा. त्या दिवसापासून आम्ही त्यांना आपसात शेपटीसर म्हणायला लागलो.

सर अंगानं अवाढव्य होते. दारात उभे राहिले की दार भरून जायचं. सगळ्यात जास्त घाम त्यांनाच यायचा. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावरून धार लागलेली, तरी पंख्याच्या बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकीला तर उन्हानं भोवळ आली. तिच्या तोंडावर पाणी मारून सर म्हणाले, "आता 'राउंड' म्हण. डोकं कसं फिरलं? राउंड!" माणूस विक्षिप्त होता, यात वाद नाही.

आता मी तिथं कशाला गेले, तेही सांगते. मला टेलिफोन ऑपरेटर व्हायचं होतं. बाबा मिलमध्ये होते आणि मिल आज चालू तर उद्या बंद. धाकटे भाऊ शाळेत. लेखी परीक्षा मी दोनदा पास झाले आणि दोन्ही वेळा आवाजाच्या चाचणीत पडले. तिसरी खेप शेवटची होती, त्यानंतर वय उलटून जात होतं. त्या चाचणीत साहेब आपल्याकडे पाठ करून बसतो. आपण हातातले इंग्रजी आकडे आणि गावांची नावं माउथपीसमध्ये वाचायची आणि त्यानं ती दुसऱ्या टोकाला कानाला लावून ऐकायची. तो तुमचं तोंड पाहत नाही, कपडे पाहत नाही, आडनाव विचारत नाही. मला हे फार आवडलं होतं. आडनाव ऐकून चेहरा बदलणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले होते. इथं नुसता आवाज. आणि नेमका आवाजच मला दगा देत होता.

"तुझे स्वर आळशी आहेत," सरांनी निदान केलं. "तू 'नेम' म्हणते. तुझा 'ए' बसला जागेवर, हलूनच नाही राहिला. इंग्रजांचा 'ए' उठतो आणि 'इ'च्या दारापर्यंत जातो. नेइम. तुझा 'गो' तिथंच उभा. त्यांचा चालते. गोउ. हा जोडस्वर आहे पोरी, याचं एक घर नाही, दोन घरं आहेत. अर्ध्या रस्त्यात उतरायचं नाही."

हे सगळं आरशात पाहून चालायचं. प्रत्येकीनं हातात छोटा आरसा धरायचा आणि 'बॉय' म्हणताना ओठ गोल होऊन मग कसे फाकतात ते बघायचं. सर समोर खुर्ची ओढून, गुडघ्यावर हात ठेवून आमच्या तोंडाकडे टक लावून बघत. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. वनस्पती तुपाचा एक मोठा रिकामा डबाही होता. त्यात तोंड घालून बोलायचं आणि सर डब्याच्या बुडाला तळहात लावून डोळे मिटून बसायचे. "टेलिफोनची सवय," ते सांगत. आम्ही मुकाट्यानं डब्यात ओरडायचो.

स्पेलिंगची त्यांना चीड होती. म्हणायचे, "आधी तोंडाले येऊ द्या, मग हाताले." फळ्यावर ते एक घर काढायचे, त्यात लिहायचे 'एइ', आणि मग त्यात भाडेकरू भरायला लागायचे. ए-आय आला, ए-वाय आला, नुसता ए आला. शेवटी ई-आय-जी-एच. "हे पहा चार माणसांचं कुटुंब. 'एट' शब्दात राहते. यातले जी आणि एच जन्मात बोलले नाहीत, पण घर सोडून नाही राहिले!" त्यांना स्वतःलाच हसू यायचं आणि पोट गदगदायचं. एवढ्याच वेळेपुरते ते मला आवडायचे.

आणि एकदा आवडले. मी घरीही 'मले-तुले' सोडून शुद्ध बोलायचा प्रयत्न चालवला होता. माय हसायची. सरांना हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं तर ते तडकले. "तुझी माय होकार देताना काय म्हणते?"

"हाव म्हणते, सर."

"मंग! इंग्रजांचा 'हाउ' तुझ्या मायच्या तोंडात आहे, पूर्ण, शेपटीसकट. आणि तू तो सोडून 'हो' म्हणून राहिली? घरी मले म्हण, तुले म्हण, गाय म्हण, जाऊ म्हण. तोंड चालतं राहिलं पाहिजे." घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "बाप्पा! म्हणजे मले इंग्रजी येते?" आणि दिवसभर सगळ्यांना हाव हाव करत सुटली.

पण एरवी त्यांचा राग यायचा. रस्त्यात दिसले आणि मागून हाक मारली तर वळून बघायचे नाहीत. एकदा बर्डीच्या चौकात मागून ट्रक भोंगा वाजवतोय आणि हे आपले रस्त्याच्या मधोमध, राजासारखे. ट्रकवाल्यानं ब्रेक मारून घातलेल्या शिव्या साऱ्या चौकानं ऐकल्या, सर मात्र ढिम्म. "भल्लाच घमेंडी माणूस आहे बाप्पा," निर्मला म्हणाली.

ही निर्मला माझ्या शेजारी बसायची. वडील वकील, धंतोलीत बंगला. नोकरीची तिला गरज नव्हती, पण हौस होती, आणि हुशारही होती. माझ्याच चाचणीला तीही बसणार होती.

चाचणी आठवड्यावर आली आणि माझा घसा बसला. उन्हातून येऊन बर्फ घातलेला उसाचा रस प्यायले, दुसरं काय! सकाळी उठले तर आवाजच नाही. माय मिठाच्या गुळण्या, हळद, सगळं करून थकली. तरीही मी क्लासला गेले, कारण घरी बसले असते तर भीतीनंच मेले असते. सर आले, पंखा बंद केला, खुर्ची ओढली आणि नेमकं मलाच म्हणाले, "आकडे म्हण."

मी घशाकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं, मी टाळतेय. "म्हण म्हटलं ना!" मग मी तोंड उघडलं आणि म्हटले आकडे. फाइव्ह, एइट, नाइन. आवाज औषधालाही नव्हता, नुसते ओठ हलत होते. चांगलं मन लावून हलवले.

सरांचा चेहरा उजळला. "शाबास! आज पहिल्यांदा पूर्ण गेला! ऐका गं सगळ्या, असा 'एइट' पाहिजे!"

खाली सायकलवाला चाक ठोकत होता, तेवढंच ऐकू येत होतं. निर्मला माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. सर खूश होऊन फळ्याकडे वळले, खडूनं 'एट' लिहायला लागले. निर्मला त्यांच्या पाठीकडे पाहून शांतपणे, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, तुमची सायकल चोरून नेऊन राहिले खाली."

त्या सायकलवर सरांचा जीव होता. रोज पुसायचे, वर येण्याआधी कुलूप दोनदा ओढून पाहायचे. सर लिहीत राहिले. ई, आय, जी, एच. खडूची भुकटी त्यांच्या मनगटावर पडत होती.

बाकीच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या आणि मला त्या सगळ्यांना थोबाडावंसं वाटलं. आणि सरांनाही! हा माणूस इतके दिवस माझ्या स्वरांना चूक-बरोबर म्हणत होता आणि त्यातलं त्याला काही ऐकूच येत नव्हतं! माझी शेवटची खेप आणि मी ती एका बहिऱ्याच्या हाती दिली होती.

जिना उतरताना निर्मला तणतणत होती. "मी नाही आता येत. आणि ऐक, मी नापास झाली ना, तर बाबाले घेऊन येते आणि याची पाटी उतरवून टाकते. लोकांच्या पोरींचा खेळ लावला आहे काय!" ती नुसतं बोलणारी नव्हती, करणारी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. आवाज थोडासा परत आला होता, फाटका. सर डबा पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले, ते माझ्याकडे बघेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "सर, तुम्हाले ऐकू येत नाही."

त्यांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील, मारतीलसुद्धा. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मी आणखी काही बोलते का म्हणून. मग म्हणाले, "बटण दाब."

"काय?"

"पंख्याचं बटण दाब. दोन उन्हाळे झाले, उगाच भाजून राहिलो."

पंखा फिरला. त्याच्यावर साचलेली धूळ आम्हा दोघांच्या अंगावर पडली. सरांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली आणि तोंड वर करून वारा घेत बसले. त्यांचे डोळे भरून आले होते, की घामच होता, कोण जाणे.

मग बोलले. एका हायस्कुलात शिकवत होते, तेव्हापासून कान जायला लागले. वर्गातली पोरं मागून नावं ठेवायला लागली तेव्हा राजीनामा दिला आणि लोकांना सांगितलं की हेडमास्तरांशी भांडलो. क्लास काढला तेव्हा थोडं ऐकू यायचं, पण पंखा फिरला की काहीच नाही. म्हणून पंखा बंद. पुढे तेही गेलं. "मंग पंखा लावला असता तर लोक विचारले असते, आता कसं काय चालते? म्हणून शेपटी चालू ठेवली."

मला कीव यायला हवी होती. नाही आली. डोक्यात तिडीकच गेली. "पण माझं काय सर? तो साहेब पाठ करून बसते! तो माझं तोंड पाहणार नाही! मी बरोबर बोलते का चूक, तुम्हाले माहीतच नाही!"

हे सगळं मी इतक्या रागात आणि भराभर बोलले की त्यांना पुन्हा विचारावं लागलं. पुन्हा सांगताना मला रडू फुटलं. सर म्हणाले, "जोडस्वर दिसतो, पोरी. लबाडी नाही सांगत. तोंड एका घरून दुसऱ्या घरी गेलं की नाही, ते दिसते. डब्याच्या बुडाले हात लावला की शेपटी हाताले लागते." मग डबा पायानं बाजूला सारला. "पण खात्री नाही. ते खरं आहे. खात्री पाहिजे तर दुसरीकडे जा. मी काही म्हणणार नाही."

कुठं जाणार होते? दिवस किती उरले होते? मी तिथंच बसून राहिले. शेवटी सर उठले, कपाटावरचा रेडिओ काढला. स्वच्छ पुसलेला, झालर लावलेल्या कापडाखाली झाकलेला. "हा मी रोज पुसतो. लावत नाही. उद्यापासून सकाळच्या इंग्रजी बातम्यांच्या वेळी येत जा. मी तुझं तोंड पाहतो, तू त्या बाईचं ऐक. ती 'टुडेइ' म्हणते तसंच तू म्हणते का, ते तुझे कान सांगतील. माझ्यावर नको ठेवू भरवसा."

राहिलेले सगळे दिवस आम्ही तेच केलं. बातम्या लागल्या की मी त्या निवेदिकेच्या मागोमाग बोलायची, सर माझ्यासमोर बसून बघायचे. ते हात वर करायचे की मी कान देऊन पडताळायची. जिथं त्यांना चूक दिसत होती, तिथं मला चूक ऐकू येत होती. दरवेळी! मला हळूहळू श्वास घेता यायला लागला. पंखा मात्र आता डोक्यावर फिरत असायचा, आणि कोणी जिन्यावरून वर येताना ऐकू आलं की मी पळत जाऊन बंद करायची.

चाचणीच्या दिवशी त्या खोलीत छताचा पंखा घरघरत होता. साहेबाची पाठ, टक्कल, कानाला लावलेला रिसीव्हर. मी पहिला आकडा वाचला. "पुन्हा," साहेब म्हणाला. वाचला. "पुन्हा." बाबा डोळ्यांसमोर आले, मिलच्या बंद फाटकाशी बसलेले. मग मी डोळे मिटले आणि त्या तुपाच्या डब्याच्या बुडाला लागलेला तो जाडा हात आठवला. प्रत्येक स्वर त्या हातापर्यंत नेऊन पोचवला आणि मगच सोडला. साहेबानं पुढे 'पुन्हा' म्हटलं नाही. म्हणजे पास की नापास, काही कळायला मार्ग नव्हता.

निकाल फळ्यावर लागला. माझं नाव होतं. निर्मलाचं नव्हतं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मी आनंदात होते, पण त्याच संध्याकाळी निर्मलाचे शब्द आठवले आणि पेढे घेऊन मी बर्डीवर धावले. उशीर झाला होता. सरांचा नवा वर्ग भरला होता, पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मधोमध वकीलसाहेब उभे होते, पांढऱ्याशुभ्र पोशाखात. निर्मला त्यांच्या मागे.

"मी भांडायला आलेलो नाही," ते म्हणत होते. "माझ्या मुलीचं म्हणणं आहे की आपल्याला ऐकू येत नाही. खोटं असेल तर मी माफी मागेन. खरं असेल तर आजच्या आज हा क्लास बंद करा, नाहीतर मी कोर्टात खेचेन. या मुलींसमोरच होऊन जाऊ द्या. आपण त्या गॅलरीच्या दाराकडे तोंड करा. मी इथून एक वाक्य बोलतो. आपण मला फक्त ते परत सांगायचं."

सरांना हे सगळं दिसत होतं. ओठ वाचत होते ना ते. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. दोन उन्हाळे ज्या गोष्टीसाठी भाजले, ती आता पोरींसमोर जाणार होती. हा क्लास गेला की त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मी पेढ्यांचा पुडा ठेवला. "वकीलसाहेब, उन्हातून आले. आधी पाणी आणते," असं म्हणत गॅलरीत गेले. माठ तिथंच असायचा, दाराच्या अगदी समोर. सर वळले आणि दारात येऊन उभे राहिले. दार भरून गेलं. आतून आता त्यांच्या पाठीशिवाय काही दिसणं शक्य नव्हतं, आणि बाहेर मी, हातात पेला, त्यांच्यापासून हातभरावर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत नुसती भीती होती.

आतून वकीलसाहेबांचा आवाज आला, चांगला कमावलेला. "नो क्लास टुडे. गो होम."

मी ओठ हलवले. बिनआवाजी. आणि मुद्दाम, अगदी वकीलसाहेबांनी म्हटलं तसे. 'नो' जागच्या जागी, 'टुडे' जागच्या जागी, 'गो'ही, 'होम'ही. एकही स्वर दुसऱ्या घरी जाऊ दिला नाही. सरांनी शिकवलेलं मी असं धडधडीत पहिल्यांदाच मोडलं.

सर क्षणभर तसेच उभे राहिले. आत कोणीतरी खाकरलं. मग त्यांची छाती फुगली, ते वळले आणि गरजले, "क्लास आहे, वकीलसाहेब! आणि घरी कोणी जाणार नाही! पण काय हे? 'नो' मेला, 'टुडे' मेला, 'गो' मेला, 'होम' मेला! चारही जागच्या जागी! पोरीहो, सांगा यांले!"

"नोउ! टुडेइ! गोउ! होउम!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. खाली सायकलवाला हसला.

"तुमची पोरगी माझ्याकडे नाही बिघडली," सर म्हणाले. "ती इथं घडीभर शिकते आणि बाकी सारा दिवस तुमचं इंग्रजी ऐकते. हुशार आहे. तिचं वय आहे अजून. उद्यापासून पाठवा परत. पुढच्या वेळी पास नाही झाली तर पाटी मी स्वतः उतरवतो."

वकीलसाहेबांचे कान लाल झाले. पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. हात जोडून त्यांनी माफी मागितली, सगळ्यांसमोर. मी पाणी घेऊन आत आले. निर्मलानं माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं, गॅलरीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिला कळलं. ती तोंड उघडणार असं मला वाटलं. तिनं खाली मान घातली आणि वडिलांच्या हाताला धरलं. "चला बाबा."

वकीलसाहेबांनी पाणी पिऊन मान पुसली. सर फळा पुसायला वळले होते. "मास्तर, निदान पंखा तरी लावत चला हो," त्यांच्या पाठीला उद्देशून वकीलसाहेब म्हणाले. सर फळा पुसतच राहिले.

"पंखा स्वराची शेपटी खातो, वकीलसाहेब," मी म्हणाले.

त्या दिवशी सरांनी वर्ग लवकर सोडला. पोरी पेढे खात खात गेल्या. सर खुर्चीत बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर. "गेले का वं सारे?" त्यांनी विचारलं. जिन्यावरच्या चपला मला एकटीलाच ऐकू येत होत्या. त्या पार खाली रस्त्यावर जाईपर्यंत मी थांबले, मग मान हलवली आणि उठून पंख्याचं बटण दाबलं.